मिठाच्या काट्यावर गूळ

माझ्या माहेरी बाईच्या अंगावर मांस दिसलं की लोक विचारायचे, हिला काही काम नाही का? खडवली स्टेशनावरून बरंच आत चालत गेलं की आमचं गाव लागतं. भातलावणी, विहिरीचं पाणी, सरपणाच्या मोळ्या, आणि सगळ्यांचं झाल्यावर आपलं जेवण. आई, काकू, मावशी, सगळ्या एका साच्यातल्या. कोपरं टोकदार आणि बांगड्या दंडापर्यंत सरकणाऱ्या. मीही तशीच होते. त्यामुळे आपण बारीक आहोत हे मला लग्न होईपर्यंत कळलंच नव्हतं.

सासर मिळालं कळव्याचं. दोन्हीकडची माणसं आगरीच, पण इथलं पाणी वेगळं. घरातल्या आधीच्या पिढ्या मिठागरात राबलेल्या. मिठागर कधीच बंद पडलं होतं, नवरा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात जात होता, पण मीठ तोलायचा मोठा काटा अजून पडवीच्या तुळईला लटकलेला होता. दोन बाजूंना साखळ्यांनी बांधलेल्या फळ्या, आणि साखळ्यांच्या कड्यांत जुनं मीठ धरून बसलेलं. एका फळीवर सासूबाई वाल सुकत घालायच्या. सासूबाई स्वतः अशा, की दारातून आत आल्या म्हणजे घर भरल्यासारखं वाटायचं. खाडीवरून चिंबोऱ्यांची टोपली डोक्यावर घेऊन यायच्या तेव्हा लहान पोरं त्यांच्या सावलीतून चालायची. मला पहिल्यांदा पाहिल्यावर त्यांनी माझं मनगट दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "ही पोर हाय का वेताची काठी?" सगळे हसले. मी पण हसले, दुसरं करणार काय!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि तिसरा महिना संपायच्या आत सगळं गेलंही. ठाण्याच्या दवाखान्यात मी दोन दिवस नुसती छताकडे बघत पडले होते. तिथल्या डॉक्टरीणबाई तोंडाने फटकळ आणि मनाने चांगल्या. घरी सोडायच्या दिवशी त्यांनी मला वजनाच्या मशीनवर उभं केलं. सदतीस किलो. भिंतीवर उंची आणि वजनाचा रंगीत तक्ता होता. त्यातल्या तळाच्या पट्ट्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "उंचीच्या मानाने ही बघा कुठे आहे. पंचेचाळीस होईपर्यंत पुन्हा मुलाचा विचारसुद्धा करायचा नाही." मग मला विचारलं, "जेवतेस कधी?"

"सगळ्यांचं झालं की."

"आणि उरलं नाही तर?"

हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, "चहा घेते."

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यात त्यांनाही मशीनवर चढवलं. काटा नव्वदच्या पुढे गेला. बाईंचं बोट तक्त्याच्या वरच्या टोकाला गेलं आणि भाषण सुरू झालं: गुडघे, साखर, रक्तदाब. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बाई, आमच्या दोघींचा हिशोब एकत्र मांडा ना. माझा जास्त, हिचा कमी. घर म्हणून बराबर येतंय." डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. त्या दोन दिवसांत मला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

घरी आल्यावर रात्रीची भाकरी थापून झाली आणि सासूबाईंनी पहिलं ताट वाढलं ते माझ्यासमोर सरकवलं. पुरुषमाणसं अजून हात धूत होती. मी उठायला लागले तर त्यांनी खांद्यावर हात ठेवला. तो हात ठेवल्यावर कुणीच उठू शकलं नसतं. पलीकडच्या घरातली चुलतसासू नेमकी दारात उभी होती. ती म्हणाली, "वा गो! सून राणी झाली."

"राणी नाय, पेशंट हाय," सासूबाई म्हणाल्या. "जेव गो तू."

तेव्हापासून पहिलं ताट माझं. तांदळाची भाकरी, चिंबोऱ्यांचं कालवण, जवळ्याची चटणी, दुपारी नाचणीची पेज आणि वर गुळाचा खडा. सुरुवातीला घास गिळायची मला लाज वाटायची. सगळे बघताहेत असं वाटायचं, आणि सगळे बघत होतेच. आधी जेवायलाही शिकावं लागतं हे माझ्या माहेरच्या बायकांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

त्याच सुमारास नवऱ्याने मला हळूच सांगितलं, "आई गावदेवीला नवस बोललीय. तुझ्या वजनाचा गूळ."

म्हणजे तुला करायची. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ, आणि तो गूळ गावात वाटायचा. नवस कशासाठी हे विचारायची सोय नव्हती. आमच्याकडे बोललेला नवस फिटेपर्यंत तोंडातून काढत नाहीत. पण विचारायचं होतं तरी काय? ज्या सुनेचं पोर गेलं तिच्या सासूचा नवस कशाचा असणार? सगळ्या गावाने धरून चाललं तेच मीही धरून चालले.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी गुळाच्या ढेपा आणून ठेवल्या होत्या. कोपऱ्यात परातीत पाणी, त्यात पाट, पाटावर गोणपाटात गुंडाळलेल्या ढेपा, म्हणजे मुंग्या लागायला नकोत. घरात येणारी प्रत्येक बाई आधी त्या ढेपांकडे आणि मग माझ्या पोटाकडे बघायची. चुलतसासू तर दर खेपेला म्हणायची, "गूळ थांबलाय गो तुझ्यासाठी."

मला भीती वाटायची. वजन वाढेलही, खाऊन वाढतं ते. पण मूलच नाही झालं तर? पावसाळ्यात गुळाला पाझर सुटला, गोणपाट काळं पडलं, खाली परातीत गोड पाणी साचलं. ते मीच बाहेर फेकून यायची. मला सासूबाईंचा राग यायचा, की कशाला आणून ठेवला हा गूळ डोळ्यांसमोर? आणि ताट पुढे आलं की त्याच रागाने मी जेवायची. राग पचतो, हे मी अनुभवाने सांगते.

दर महिन्याला आम्ही दोघी ठाण्याला जायचो. एकदा सासूबाईंनी दवाखान्याच्या पायरीवरच मला तांब्याभर ताक पाजलं. आत वजन भलतंच चांगलं भरलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या ओठावरची पांढरी मिशी बघितली आणि म्हणाल्या, "ताक वजा करून सांगा आजी." सासूबाईंनी पदराने माझा ओठ पुसला आणि जसं काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने तक्ता वाचायला लागल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

माझे गाल भरले. बांगड्या मनगटावरच थांबायला लागल्या. एकदा आई भेटायला आली आणि मला ओळखायला तिला क्षणभर वेळ लागला. मग ती म्हणाली, "तुला काम देत नाहीत का गं?" आणि तोंडाला पदर लावून खूप हसली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मशीनचा काटा पंचेचाळीसवर आला. ताकाशिवाय. डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली. बाहेर पडताच सासूबाई म्हणाल्या, "मंगळवारी तुला करू."

मी वाटेतच थांबले. "आई, पण अजून काही नाही."

"काय नाय?"

मी नुसतं पोटाकडे बघितलं. त्यांनी ते पाहिलं, पण रस्त्यात गर्दी होती, त्या माझा हात धरून पुढे चालायला लागल्या.

मंगळवारी पडवीतला मिठाचा काटा काढून देवळाच्या मंडपात टांगला. सगळा गाव जमला होता. मी साडी सावरत फळीवर बसणार तेवढ्यात चुलतसासूने मोठ्याने विचारलं, "अगो, पोर कुठं हाय? नवस कशाचा फेडतेस?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

सासूबाई ढेपेवरचं गोणपाट सोडत होत्या. ते बाजूला टाकून त्या सरळ उभ्या राहिल्या. "पोराचं कोण बोललं? मी पोर मागितलाच नव्हता. ही खाटेवर पांढरी पडलेली, तवा देवीला बोलले, माझी सून मना परत दे. भरल्या अंगाची दे. देवीनं दिली. आता मी मागं कशी फिरू?"

मला मुलगी झाली ती नंतर, तीही चांगली वाट बघायला लावून. पण तो गूळ तिच्या नावाचा नव्हता. तो माझा होता.

मी फळीवर बसले. दुसऱ्या फळीवर सासूबाई एकेक ढेप ठेवत गेल्या. सगळ्या ठेवून झाल्या तरी माझी फळी जमिनीलाच टेकलेली. त्यांनी गूळ आणला होता सदतीस किलोच्या सुनेसाठी, आणि त्यातलाही पावसाने खाल्लेला.

"पुरत नाय!" त्या ओरडल्या. असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "बगा गो, पुरत नाय!" त्यांनी माझ्या नवऱ्याला वाण्याकडे पळवलं, आणि तो येईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला माझी जमिनीला टेकलेली फळी दाखवत राहिल्या. चुलतसासूलासुद्धा हात धरून आणून दाखवली.

नवी ढेप आली. ती ठेवल्यावर मी हळूहळू वर आले. मला रडू फुटलं, आणि ते काही थांबेना.

सासूबाईंनी एका हाताने साखळी धरली. "रडू नको गो," त्या म्हणाल्या, "काटा हलतोय."