बाबांनी पाडलेलं विमान

माझे सासरे चमचे मोजतात. अमेरिकेत, आमच्या हर्नडनमधल्या कुठल्याही हळदीकुंकवाला मी हे वाक्य टाकलं की बायका हातातली डिश खाली ठेवून माझ्याकडे सरकतात. मी थोडं थांबते. थांबणं महत्त्वाचं. मग सांगते.

जेवणं झाली, भांडी घासून जाळीत पडली, की बाबा चष्मा चढवून ओट्यापाशी येत. चमचे, मग काटे, मग सुऱ्या. "बारा, बारा, सहा. ठीक." एवढं बोलून टीव्हीपुढे. ते नागपूरहून आमच्याकडे आले तेव्हा पहिले सहा महिने मी फुगून बसले होते. चमचे स्टीलचे, सून आयटीतली, घरात चोरण्यासारखं काही नाही आणि चोरणारंही कोणी नाही. नवरा म्हणाला, "अगं, एअर फोर्सची सवय आहे. लहानपणी आमच्या कंपासपेट्याही मोजायचे."

बाबा एअर फोर्समध्ये फिटर होते. विमान उडवणारे वेगळे आणि ते उडण्याजोगं ठेवणारे वेगळे, बाबा दुसऱ्यांतले. सार्जंट म्हणून निवृत्त झाले. त्या दिवसांबद्दल विचारलं तर जेवणाबद्दल सांगत. पंजाबातले पराठे, आसामातले मासे. विमानांचा विषय निघाला की त्यांना झोप येई.

एका रविवारी आमच्या सिंकखालच्या, खरकटं दळणाऱ्या यंत्रात चमचा पडला आणि मी बटण दाबलं. काय तो खडखडाट! अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा सोफ्यावरून असे आले की मला त्यांच्या गुडघ्यांच्या तक्रारींचा संशय येऊ लागला.

"स्विच बंद! हात लावायचा नाही कोणी! मागे व्हा!"

मी, नवरा आणि आमची कॉलेजात जाणारी लेक फ्रिजपाशी ओळीनं उभे राहिलो. बाबांनी टॉर्च मागितला, चिमटा मागितला, आणि सिंकच्या घशातून वाकडा झालेला चमचा बाहेर काढला. बराच वेळ तो उजेडात धरून पाहत राहिले.

"एवढ्याशा वस्तूनं विमान खाली येतं," ते म्हणाले.

मी टाळ्या वाजवल्या. इथल्या मराठी मंडळाची नाटकं बसवते मी. चांगलं वाक्य ऐकलं की हात आपोआप उठतात. त्या वाक्यामागे काही आहे का, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

सुचलं भलतंच. यांना यांच्यासारखी माणसं हवीत! आमच्या घराजवळच्या डायनरमध्ये, म्हणजे इथल्या साध्या हॉटेलात, दर मंगळवारी सकाळी एक लांब टेबल भरतं. डोक्यावर विमानांची चित्रं असलेल्या टोप्या, सगळे सत्तरीच्या पुढचे, सगळे अमेरिकेच्या एअर फोर्समधले. खिडकीच्या बाजूला पायलट बसतात, स्वयंपाकघराच्या बाजूला मेकॅनिक, आणि मधे सॉसच्या बाटल्यांची सरहद्द.

"असं अनोळखी टेबलावर जाऊन बसतात का?" नवरा म्हणाला.

"स्टेजवर एन्ट्री परवानगी मागून घेत नाहीत," मी म्हणाले आणि पुढच्या मंगळवारी बाबांना घेऊन गेले.

त्यांनी हसत जागा करून दिली. बाबांना इंग्रजी येतं, पण ते फौजेतलं, तुकड्यातुकड्याचं. आणि डायनरच्या गोंगाटात त्यांचं कानातलं मशीन शिट्टी मारतं, म्हणून त्यांनी ते काढून खिशात ठेवलेलं. तेव्हा दुभाषी मी. अपघातांच्या गोष्टी रंगल्या होत्या. पांढऱ्या मिशांचा एक पायलट सांगत होता, की तो पॅराशूटनं उतरला तो थेट एका बाईच्या वाळत घातलेल्या चादरींवर. आणि त्या बाईनं आधी चादरी पुन्हा धुऊन घेतल्या, मग फोन करू दिला. हसून हसून एकाची कवळी निघाली.

मग मिशीवाल्यानं विचारलं, "तुमच्या पाहुण्यांनी कधी अपघात पाहिलाय का?"

मी बाबांच्या कानाशी ओरडून मराठीत विचारलं. बाबांनी हातातला काटा खाली ठेवला. बशीकडे बघत म्हणाले, "एक विमान मी पाडलं."

आता तुम्हीच सांगा. 'विमान पाडलं' म्हटल्यावर तुम्ही काय समजाल? तेच मी समजले. फिटर लढाईत विमान कसं पाडेल, हे मनातही आलं नाही. अंगावर काटा आला. मी उभी राहिले, (उभं राहायची काही गरज नव्हती) आणि इंग्रजीत जाहीर केलं, "यांनी लढाईत शत्रूचं विमान पाडलंय!" लढाई आणि शत्रू हे दोन शब्द माझे. वाक्याला वजन हवं होतं.

अख्खं टेबल उठून उभं राहिलं. टाळ्या. एकेकानं येऊन बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. मिशीवाल्यानं त्यांना खिडकीपाशी, स्वतःच्या शेजारी नेऊन बसवलं. बाबांचे डोळे भरून आले.

गाडीत ते म्हणाले, "फार मोठ्या मनाची माणसं आहेत गं."

"मग!" मी म्हणाले. जणू ती माणसं मीच बनवली होती.

त्या दिवशी जेवणानंतर बाबांनी चमचे मोजले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. गुरुवारी तर ओट्यापाशी येऊन पाणी प्यायले आणि गुणगुणत परत गेले.

शुक्रवारी सकाळी आईंशी त्यांचा व्हिडिओ कॉल चालू होता. माझ्या सासूबाई तेव्हा नणंदेकडे नागपूरला होत्या. मी पोहे परतत होते.

"सांगून टाकलं मी त्यांना," बाबा म्हणत होते. "त्या स्क्रू-ड्रायव्हरच्या विमानाचं. माझ्यामुळे विमान पडलं म्हणून. अगं, उठून उभे राहिले सगळे! हात मिळवले. त्यात फिटर होते, पायलटही होते. पायलट, बरं का!"

पडद्यावर आईंनी पदर डोळ्यांना लावला. माझे पोहे लागले.

दुपारी मी आईंना वेगळा फोन लावला. मग कळलं. पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. काम संपलं की पेटीतली हत्यारं मोजायची आणि मगच वहीत सही करायची, असा नियम. त्या दिवशी उड्डाणाची घाई होती. बाबांनी न मोजता सही केली. विमान उडालं आणि धावपट्टीपलीकडच्या शेतात पडलं. पायलट साहेब पॅराशूटनं उतरले, पाय मोडला, जीव वाचला. लगेच सगळ्यांच्या पेट्या मोजल्या, तर बाबांच्या पेटीत सहा इंची स्क्रू-ड्रायव्हर नाही.

"चौकशीत निघालं की इंजिनात पक्षी शिरला होता," आई म्हणाल्या. "पण हे म्हणतात, त्यांना पक्षी सापडला, मला स्क्रू-ड्रायव्हर कुठे सापडला? माझ्याशिवाय कोणाला बोलले नव्हते, पोटच्या पोरालाही नाही. तुझ्यामुळे बोलले गं. किती पुण्य लागेल तुला."

पुण्य! मी लेकीला सगळं सांगितलं. तिनं लॅपटॉपवरून मानही वर केली नाही. "मॉम, आजोबांना वाटतंय दे फरगेव्ह हिम. यू हॅव टू फिक्स धिस."

"पण ते आनंदात आहेत."

"दुसऱ्याच कुणाच्या आनंदात आहेत," ती चक्क मराठीत म्हणाली. पोटची मुलं अशी वेळ साधून मराठी बोलतात.

मंगळवार आला. डायनरमध्ये आम्ही बसतो न बसतो तोच वेट्रेस केक घेऊन आली. केकवर साखरेचं निळं विमान आणि त्यातून निघणाऱ्या लालभडक ज्वाळा. मिशीवाल्याची कल्पना. बाबा त्या ज्वाळांकडे पाहून गोंधळले. पडलेल्या विमानाचा केक?

"बाबा, कानातलं मशीन लावा," मी म्हणाले.

त्यांनी लावलं. मग मी एक वाक्य इंग्रजीत, एक मराठीत, असं सगळं सांगितलं. बाबा काय म्हणाले होते, मी काय केलं, शत्रू कुठून आला, आणि आईंकडून कळलेला स्क्रू-ड्रायव्हर आणि पक्षी. आयुष्यात पहिल्यांदा मी बसून बोलले.

मिशीवाल्यानं हातातली सुरी केकशेजारी ठेवली.

"म्हणजे त्या टाळ्या," बाबा सावकाश म्हणाले, "दुसऱ्याच विमानाच्या होत्या?"

"हो, बाबा."

त्यांनी टोपी उचलली. "चल घरी."

तेवढ्यात बाटल्यांच्या सरहद्दीपलीकडून आवाज आला. जाड बोटांचा, उंचापुरा मेकॅनिक. गेल्या खेपेला ज्यानं एक शब्द काढला नव्हता तो.

"कितीचा होता स्क्रू-ड्रायव्हर?"

सांत्वन नाही, काही नाही. बाबा थांबले. मी तोंड उघडायच्या आत स्वतः इंग्रजीत म्हणाले, "सिक्स इंच. फ्लॅट."

"मूठ?"

"वुडन."

"शेवटचा कुठे वापरला?"

बाबा पुन्हा बसले. बशीखालचा कागद ओढला, माझ्या पर्समधून पेन घेतलं आणि विमानाचं पोट काढलं. मेकॅनिक उठून शेजारी आला. दोन डोकी कागदावर. कुठलं झाकण, किती स्क्रू, कोणत्या बाजूनं बंद केलं. मी दोनदा भाषांतर करायला गेले, दोन्हीदा मला हातानं गप्प केलं. अर्ध्या तासानं मेकॅनिकनं चित्रावर बोट ठेवलं.

"इथे राहिला असला, तरी इंजिनात जायला वाट नाही. मधे भिंत आहे."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "पण मी न मोजता सही केली."

"केलीत," मेकॅनिकनं मान डोलावली. "ती चूक तुमची. विमान पक्ष्याचं."

बाबांनी पेन खाली ठेवलं. पन्नास वर्षांत कोणी हे दोन्ही वेगळं काढून त्यांच्या हातात दिलं नव्हतं.

"माझा अर्ध्या इंचाचा पाना हरवलाय," मेकॅनिक पुढे म्हणाला. "ते विमान आता म्युझियममध्ये आहे. दर वर्षी जाऊन खालून वाकून बघतो. तिथले गार्ड मला ओळखतात."

बाबा हसले. खरोखर मोठ्यांदा.

"म्हणजे गेल्या मंगळवारपासून आमच्या खिडकीत मेकॅनिक बसला होता!" मिशीवाला ओरडला.

"आमचा माणूस तुम्ही पळवला होता," मेकॅनिक म्हणाला. मग त्यानं सुरीनं केकवरच्या ज्वाळा नीट खरवडून काढल्या. "घ्या. आता उडायला हरकत नाही."

बाबांची बशी सरहद्दीपलीकडे गेली. मी त्यांच्यामागे गेले, आणि तिथे मला पहिल्यांदा दिसलं, की खाणं झाल्यावर ही मंडळी काटे मोजतात! वेट्रेस सवयीनं हात बांधून उभी. मेकॅनिकनं एकेक काटा ओळीत लावला, सुरुवातीला आलेले म्हणून कागदाच्या कोपऱ्यात 'काटे दहा' लिहिलं, सही केली आणि कागद बाबांकडे सरकवला. दुसरी सही, मोजणाऱ्याची.

बाबांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. डाव्या हाताच्या बोटानं त्यांनी ओळ पहिल्यापासून मोजली. नऊ. पुन्हा मोजली. नऊ. कोणीही घाई केली नाही.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "काटा."

माझा अर्धा पॅनकेक उरला होता. मी काटा पुसून ओळीत ठेवला. बाबांनी पुन्हा एकपासून मोजले आणि दहावर आल्यावर सही केली.

उरलेला पॅनकेक मी हातानं खाल्ला.