घासलेलं नाणं

पास्कलभावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, अल मन्सूरा भागातल्या दुकानात कोथिंबीर निवडत होते. सहा आठवडे झाले त्याला. "आंटी, डॅड इज नो मोर," त्यांची मुलगी रोशेल एवढंच बोलू शकली. जुडी हातात तशीच राहिली आणि मला एकदम आठवली ती माझी न लिहिलेली चिठ्ठी. अशा वेळी हे आठवावं याची लाज वाटली, पण आठवलं खरं.

भावजी वसईचे, माझ्या नवऱ्याचे मित्र, फरीज बिन ओमरान वस्तीत आमच्या समोरच्याच दारात राहायचे. दिवसा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं आणि घरी भिंगाखाली प्राचीन रोमन लोकांची चांदीची नाणी. हातोडीनं ठोकून केलेली, त्यामुळे एकही धड गोल नाही. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली देवी, दुसरीकडे रथ, नाहीतर एकमेकांत धरलेले दोन हात. प्रत्येक नाण्याच्या पाकिटात ते मराठीतली चिठ्ठी ठेवत. रोशेलला मराठी कळे, पण उत्तर इंग्रजीत. निदान नाण्यांसाठी तरी पोरगी मराठी वाचेल, हा त्यांचा डाव. तो फसलाच होता, पण भावजी हट्टी. चाळीस नाणी, एकोणचाळीस चिठ्ठ्या.

चाळिसावी माझ्यामुळे राहिली. एका दिवाळीत ते नवं नाणं मला बघायला ठेवून गेले. भाले रोखलेले जुळे घोडेस्वार, दोघांच्या डोक्यावर एकेक तारा. मी नेमकी निरांजनं आणि अत्तरदाणी घासायला काढली होती. सणाला काळी चांदी दिसली तर घरच्या बाईचं नाक कापलं जातं, या माहेरच्या शिकवणीला जागून मी त्या नाण्यालाही दंतमंजन लावलं, आणि दुसऱ्याची वस्तू म्हणून जरा जास्तच घासलं. संध्याकाळी भावजींनी भिंग लावलं आणि नाणं दिव्याखाली फिरवून पाहिलं.

"वहिनी, तो काळेपणा म्हणजे त्याचं वय होतं हो. आणि डावीकडचा तारा गेला."

मला रडू आवरेना. तेच म्हणाले, "खलास, झालं ते झालं. याची चिठ्ठी मात्र तुम्ही लिहायची."

"मला काय कळतं त्यातलं?"

"काय होतं आणि काय गेलं, तेवढं लिहा."

नऊ वर्षं मी टाळलं. दर दिवाळीला ते विचारत आणि मी चकलीची ताटली पुढे करी.

मग भावजी गेल्यावर दहाएक दिवसांनी रोशेल घर आवरताना म्हणाली, "आय कान्ट रीड दीज, आंटी. द डीलर वॉन्ट्स ओन्ली द कॉइन्स." म्हणजे चिठ्ठ्या कचऱ्यात. मला राग आला, तिचा थोडा, माझा जास्त. म्हटलं, "त्याला थांबव. शुक्रवारी ये. सगळ्या वाचायच्या, मग काय ते ठरव."

चार शुक्रवार लागले. काना-मात्रा चुकत, अडखळत तिनं वाचलं आणि मी एकही अक्षर सोडू दिलं नाही. रथाच्या नाण्यावर भावजींनी लिहिलं होतं, 'घोडे चार, लगाम एका बाईच्या हातात. रोशेल, बघ.' तिथं ती थांबली, पाणी प्यायली, पुढची चिठ्ठी तिनं आपणहून उचलली.

शेवटच्या पाकिटात ते चकचकीत नाणं आणि कोरा कागद, वर त्यांच्या अक्षरात फक्त 'वहिनी'. मी पेन काढलं आणि लिहिलं, 'जुळे घोडेस्वार. तारे दोन होते. डावीकडचा मी घासून घालवला.'

रोशेलनं ते मोठ्यानं वाचलं, घडी करून पाकिटात सरकवलं आणि नाण्या-चिठ्ठ्यांचा डबा स्वतःकडे ओढला.

"हे विकायचं नाही," ती म्हणाली. मराठीत.