आक्काच्या टायरच्या चपला

मिशनच्या दवाखान्याचा चौकीदार सायकल हाणत थेट आमच्या शाळेत आला आणि पोरांसमोरच म्हणाला, "गुरुजी, तुमची आक्का गेली." पोरांनी विचारलं, "कोण गेलं जी?" मी म्हणालो, "ओळखीचं होतं कुणी…" दीड महिना झाला, तो 'ओळखीचं' शब्द अजून पाठ सोडत नाही.

आक्का माझी मोठी बहीण. तिला महारोग झाला होता. घ्या, लिहून टाकलं एकदाचं! नवऱ्यानं माहेरी आणून टाकली आणि आम्ही घरच्यांनी तिचं ताट गोठ्यात मांडलं. शेवटी बापानं बैलगाडीत घालून तिला मिशनमध्ये सोडलं. तिथल्या मार्था सिस्टरनं पहिल्याच दिवशी तिचे पाय स्वतःच्या हातानं धुतले. औषधानं रोग गेला, बोटंही शाबूत राहिली, पण तळपायाची जाणीव काही परत आली नाही. म्हणून मिशनमध्ये जुन्या टायरच्या, बिनखिळ्याच्या चपला करून देत. रोज संध्याकाळी पाय धुवायचे आणि तळवे आरशात बघायचे, हा तिथला नियम. त्या चपला अख्खा तालुका ओळखायचा.

छप्पन्न साली आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आता विटाळ संपला, असं मी गावभर सांगत फिरलो. आणि पुढं माझं लग्न ठरलं, मुलीकडचे नेर गावचे, तेव्हा मीच आक्काला सांगून आलो, "लग्नाले ये, पण त्या चपला घालून येऊ नको. लोक ओळखतात."

"बरं भाऊ," ती हसून म्हणाली. "नाई घालत."

भर वैशाखात कळंबच्या स्टँडपासून आमच्या गावापर्यंत ती अनवाणी चालत आली. मी विचारलं, "पाय पोळले काय वं?"

"मले कुठी पोळते रे!"

मला हायसं वाटलं. थू माझ्या जिंदगीवर! दोन दिवस ती मांडवात राबली. तिचे तळवे कुणी बघितले नाहीत. त्यानंतर मी मिशनकडे फिरकलोच नाही. "बरी आहे" म्हणून तिचं कार्ड यायचं. मला ते सोयीचं होतं.

चौकीदार आला त्या दिवशी मिशनमध्ये गेलो, तर चादरीखाली तिचा एक पाय गुडघ्यापासून नव्हताच.

"कधी?" मी विचारलं.

"तुमच्या लग्नानंतर लगेच," मार्था सिस्टर म्हणाली. "फोड फुटले होते, काटा आत मोडला होता. हाडापर्यंत सडलं होतं. मग सगळा भार दुसऱ्या पायावर आला, तोही चिघळला, विष अंगभर पसरलं… तुम्हाला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती तिनं."

सिस्टरनं माझ्या हातात आक्काच्या चपला दिल्या. एक टाचेखाली पार झिजलेली, दुसरी कोरी करकरीत. "मी म्हटलं, एकच करू. तर ऐकेना. म्हणे, जोडच करा, माहा भाऊ आला तं इचारन, दुसरी कुठी गेली…"

एसटीत बसलो. कळंब आलं तेव्हा मांडीकडे लक्ष गेलं. त्या चपला मी टॉवेलात घट्ट गुंडाळून घेतल्या होत्या, कुणी ओळखू नये म्हणून. कधी गुंडाळल्या, आठवत नाही. घरी फळीवर अजून तशाच आहेत… टॉवेलात.