मालनबाईच्या वावराखालची दरड

लासूर स्टेशनच्या अलीकडं, शिवना नदीच्या काठानं बानाबाईनं चाळीस वर्षं मेंढरं चारली. काठाच्या मातीच्या उभ्या दरडीत पाकोळ्या बिळं करतात, त्यांची तिला खडान्‌खडा माहिती. चिमणीहून लहान, मातकट पाखरं. दिवाळीनंतर शे-दीडशे एकत्र येतात. नर-मादी दोघंही चोचीनं उकरतात आणि पायांनी माती मागं लोटतात. बीळ कोपरभर खोल झालं की आत गवत आणि पिसं. बानाबाई कोंबडीचं पीस वाऱ्यावर सोडायची. पाकोळी ते वरच्यावर झेलून न्यायची.

हे सगळं ऐकायला तीन हिवाळे तनुजा यायची. शहरात, उस्मानपुऱ्यात राहणारी, पक्ष्यांवर अभ्यास करणारी विद्यापीठातली मुलगी. "मावशी" म्हणत शेजारी दगडावर बसायची, बानाबाईच्या फडक्यातली भाकर खायची. बानाबाईच्या लेकी लांब दिलेल्या. असं कान देऊन ऐकणारं दुसरं कुणी तिला नव्हतं.

यंदाच्या पुरानं जुनी दरड वाहून गेली. पाकोळ्यांनी अर्धा कोस खाली नवी दरड धरली, ती नेमकी मालनबाईच्या वावराखाली. मालनबाईचं घर बागायती, कांदा-उसाचं. तनुजा साहजिकच तिची परवानगी घ्यायला गेली आणि तिथंच बसू लागली.

एके दिवशी बानाबाई मेंढरं घेऊन तिकडं पोचली, तर दोघी लिंबाखाली खुर्च्या टाकून चहा पीत होत्या.

"मावशी, पिल्लं कितव्या दिवशी बाहेर डोकावतात?" तनुजा विचारत होती. मालनबाईला!

"डोकावत असतील आठ-दहा दिवसांत," मालनबाई म्हणाली.

साफ खोटं. बानाबाईच्या ओठांवर आलं, पण तिनं गिळलं. तेवढ्यात तनुजानं हाक मारली, "बानामावशी, या ना, चहा घ्या."

कालपर्यंत ती नुसती मावशी होती. आता मावशी दुसरीच कुणी, अन् ती बानामावशी.

"मेंढरं पिकात शिरतील," म्हणत ती वळली. जाताना दरडीच्या माथ्यावर, ट्रॅक्टर वळतो तिथं, तिला मातीत भेग दिसली. बोट जाईल एवढी. सांगावं म्हणून ती थांबली. मग तिनं खुर्च्यांकडं पाहिलं.

"इचार म्हणावं तिलाच," ती पुटपुटली आणि निघाली.

आठ दिवसांनी दरडीचा तुकडा ढासळला. साठेक बिळं मातीखाली गेली. चोचीत किडे घेतलेली पाखरं बिळांची तोंडं होती तिथं हवेत घिरट्या घालत राहिली. बानाबाईनं ते पाहिलं, मेंढरं तशीच सोडली आणि खाली उतरून हातांनी माती उपसू लागली. दोन पिल्लं निघाली. दोन्ही मेलेली.

तनुजा आणि मालनबाई धावत आल्या, तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं, "भेग मी बघितली व्हती. आठ दिस झाले."

"मग बोलला का नाहीत?" तनुजानं विचारलं.

"तू हिला मावशी म्हणलीस."

मालनबाई भडकली, "मुकी पाखरं मेली की गं तुझ्या जळण्यापायी!"

"व्हय. मेली," बानाबाई म्हणाली.

त्याच दुपारी मालनबाईनं ट्रॅक्टरची वाट आतून काढायला लावली. माती कुठवर पोकळ आहे ते बानाबाईनं पायानं दाबून दाखवलं. उरलेल्या दरडीत पंधरवड्यात ताजी बिळं दिसू लागली. पाकोळ्यांनी पुन्हा संसार मांडला.

तनुजा आता दोघींनाही विचारते. मालनबाईनं आधी उत्तर दिलं, की बानाबाईला अजून झोंबतं. मग ती मालनबाईची एक चूक काढते, तेव्हा कुठं तिला बरं वाटतं.