पुसलेली खूण

जेवण करून सोप्यातल्या बाजेवर पडलोय. रस्त्यापलीकडे रसवंतीचं इंजिन चालू आहे. त्याचा एक ठोका मधेच चुकतो. नोझल साफ करायला पाहिजे, असं मनाशी म्हणतो आणि डोळे जड होतात. पुढचा ठोका रसवंतीवर पडत नाही. तो नदीच्या घाटावर पडतो.

घाटावर केरबा परीट बसलाय. त्याला जाऊन एकवीस वर्षं झाली. दोरीवर धोतरांच्या जागी पिस्टन, रिंगा आणि गॅस्केट वाळत घातलीत. त्यांतून पाणी ठिबकतंय.

"ये शिदबा," तो म्हणतो. "कुठलं इंजिन आजारी?"

"रसवंतीचं. ठोका चुकतोय."

"आन तू बाजेवर पडून औषध सांगतोयस! खोड काय गेली नाही तुझी."

आम्ही दोघंही शिकलेले मिस्त्री नव्हतो. तो कपडे धुणारा, मी शेती करणारा. हौसेनं गावातली इंजिनं खोलायचो, एकमेकांना सल्ले द्यायचो, भांडायचो. परटाच्या हाताला खूण करायची सवय. कपड्यावर करायचा तशी तो इंजिनावरही करायचा, खडूनं, अक्षरात. मी बघून मान डोलवायचो. मला वाचता येत नाही हे त्याला कधी कळू दिलं नाही.

घाटाची एक पायरी उतरतो, तर पायाखाली विहिरीचा काठ आहे. इंजिन तिथंच, त्याच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, काही पांढरं लिहिलेलं. माझ्या हातात फडकं आहे.

"थांब." केरबाचा आवाज आता विहिरीतून येतो. "काय लिहिलंय ते वाच."

"टायमिंगची जुनी खूण असंल."

"वाच म्हणतोय."

"तू जेवायला गेलायस असं वाटलं मला."

"मी पाइपाच्या बुडाला फूट व्हॉल्वचा गाळ काढतोय खाली. म्हणून तर लिहून ठेवलं, येड्या."

फडकं आपोआप फिरतं. मी हँडल मारतो. इंजिन धरतं. फ्लायव्हील शाफ्टवरून सुटतं, काठावर एकदा डुलतं आणि आत जातं.

आवाज येत नाही. वाकून बघतो, तर खाली पाणी नाही, काळा गोल फळा आहे. साठाव्या वर्षी ज्या साक्षरता वर्गात मी पाटी धरली, तोच हा वर्ग. बाई मात्रा शिकवताहेत. फळ्यावर शब्द लिहितात, 'सैल'. पुसलेल्या खुणेचे आकार माझ्या डोळ्यांत चार वर्षं तसेच राहिले होते. त्या दिवशी ते मला वाचता आले. चावी सैल. फ्लायव्हील शाफ्टवर धरून ठेवणारी लोखंडी पाचर म्हणजे चावी. केरबानं ती अजून ठोकली नव्हती, आणि तसं लिहूनच तो खाली उतरला होता.

शेजारच्या बाकावर केरबा ओलाचिंब बसलाय.

"गाव काय म्हणतं रे मला?"

मी पाटी पुसत बसतो.

"बोल की. तोंडाला गॅस्केट लावलंस काय?"

"जगाला शहाणपण शिकवायचा, आन स्वतः चावी ठोकायला इसरला."

"आन तू काय सांगितलंस लोकांना?"

"चाकावर काही लिहिलेलं नव्हतं म्हणालो."

"तवा तुला येत नव्हतं. बरं. वाचायला आल्यावर?"

"लाज वाटली."

तो हसतो. ते हसू मला सोसत नाही.

"लाज तुझी, आन वागवतीया माझी बायको सगुणा." खडूचा तुकडा तो माझ्या मुठीत कोंबतो. "शिकलायस न्हवं? मग लिही."

"मामंजी! भिंतीवर हे काय केलंत?"

सून उशाशी उभी आहे. ऊन उंबऱ्यापर्यंत आलंय, रसवंती बंद आहे. बाजेशेजारच्या भिंतीवर नखानं ओरखडलेली वाकडी अक्षरं दिसतात. माझ्या नखात चुना भरलाय आणि बोटाला रक्त आहे.

"चावी सैल," ती वाचते. "कसली चावी? राहू द्या, चुन्यात फडकं बुडवून फिरवते वरनं. मिटून जाईल."

"पुसू नकोस," मी म्हणतो. "परटाच्या सगुणावहिनींना बोलाव. त्यांना वाचता येत नाही. म्हणावं, मी वाचून दाखवतो."