मी दोन गाड्या सांगून ठेवते

मंडळी, आज दुपारी रोह्यात माझ्या लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

दवाखान्यात न्यायला मी दोन गाड्या सांगून ठेवल्या होत्या. "आई, किती घाबरतेस!" म्हणून लेक हसायची. आज पहिली गाडी आलीच नाही. दुसरीने वेळेत पोचवलं.

नव्वदच्या दशकात पेणजवळच्या आमच्या गावात एकच जीप होती. आईला कळा सुरू झाल्या, तेव्हा ती जीप वऱ्हाड घेऊन गेली होती.

"येल गो, आत्ता येल जीप," बाबा आईला सांगत राहिले. संध्याकाळी जीप आली, तोवर आई आणि बाळ दोघंही गेली होती. मी नववीत होते.

आज नातीला मांडीवर घेतलं आणि आईसाठी पोटभर रडले.

तुम्ही असं सावध राहायला कधी शिकलात?