तक्त्यातली एकटी सुईण

माझ्यासारख्यानं लिहायला बसावं, हा आगाऊपणाच. माफ करा. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. आणि हे तर मी आईलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

दुष्काळात लोहाऱ्याकडच्या एका खडीकामावर आमच्या सरांनी मजूर बायकांची पाहणी काढली होती. धाराशिवहून प्रश्न विचारायला मी जायचो. फॉर्मवर नाव नाही, नुसता नंबर. नावांची यादी सरांच्या कपाटात. शिवाय सरांची ताकीद — ज्या रकान्यात पाचाहून कमी बाया येतील, तो दुसऱ्यात मिसळायचा, म्हणजे कुणी बाई ओळखू येत नाही. मगच तक्ता कामाच्या कचेरीला द्यायचा.

सरूबाई तिथल्या गावची सुईण, दुष्काळात खडी फोडायला आलेली. हजेरी लावण्याआधी मुकादम बायांना तंबूत बोलावतो, असं तिनं मला सांगितलं. शेजारी तिची मैत्रीण गऊबाई तेवढी होती.

"नाव न्हाय ना लिवत, लेकरा?"

"न्हाय, मावशी."

तक्ता करताना मला दिसलं — धंदा सुईण, संख्या एक, आणि पुढच्या रकान्यात मुकादमाची तक्रार. दिसलं नाही असं कसं म्हणू? पण छपाईची स्टेन्सिल कापून झाली होती. पुन्हा सगळी कापायची? आणि माझा तक्ता किती भरगच्च दिसत होता! सरांनी विचारलं, "लहान आकडे मिसळलेस ना?" मी हो म्हणालो.

कचेरीतून तक्ता मुकादमाच्या हाती गेला. आठवड्याच्या आत सरूबाईचं नाव हजेरीपटावरून उडालं.

पुढच्या फेरीला गेलो, तर गावात सरूबाईच्या देखत बाया गऊबाईवर तुटून पडलेल्या — चुगली तिनंच केली म्हणून.

"मुकादमाचा चहा लई गोड लागला वाटतं गं?"

गऊबाईनं माझ्याकडं बोट केलं. "ह्या पोराला इचारा की! ह्यानंबी ऐकलं व्हतं."

मी काय केलं? पिशवीतून सरूबाईचा फॉर्म काढला आणि सगळ्यांपुढं धरला. "बघा मावशी, नाव कुठं आहे?"

नव्हतंच. जे तिला झाकण्यासाठी होतं, त्याच्याआड मी लपलो. सरूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटा करून पाहिला, मला परत दिला — आणि गऊबाईकडं पाठ करून चालू लागली.

तेव्हा तोंड उघडता आलं असतं. नंतरही. कितीतरी वेळा.

परवा एसटी स्टँडवर त्या गावचा एकजण भेटला. म्हणाला, गऊबाई गेली. सरूबाईचं घर समोरच. माती होईपर्यंत तिनं दार उघडलं नाही.